ड्राइव्ह-थ्रूची खिडकी: वेग कशाने येतो आणि दर्जा कुठे हरवतो

गाडीतून न उतरता पदार्थ घेता येतात अशा ड्राइव्ह-थ्रू उपाहारगृहाच्या आवारात शिरलेली गाडी मागणी सांगण्याच्या माइकच्या खांबापाशी थांबते, तेव्हा तिच्या चाकांखाली, काँक्रीटच्या थरात, तांब्याच्या तारेचे एक वेटोळे पुरलेले असते. गाडीचे धातूचे अंग त्या वेटोळ्यावर आले की त्यातील विद्युतप्रवाहात फरक पडतो, आतील कर्मचाऱ्याच्या हेडसेटमध्ये खूण वाजते आणि स्वयंपाकघरातील पडद्यावर सेकंद मोजले जाऊ लागतात. पैसे घेण्याच्या आणि पदार्थ हाती देण्याच्या खिडकीखालीही अशीच वेटोळी असतात. शेवटच्या वेटोळ्यावरून गाडी पुढे सरकली की मोजणी थांबते आणि त्या गाडीचा आकडा नोंदवला जातो. दुकानाच्या व्यवस्थापकापासून कंपनीच्या मुख्यालयापर्यंत सर्वांची नजर या आकड्यावर असते. परंतु हा आकडा सेवेचा वेग सांगतो असे जे सरसकट मानले जाते, ते अर्धेच खरे आहे. सेवेच्या दर्जाबद्दल तर तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

मराठवाड्यात ड्राइव्ह-थ्रू अजून सर्रास दिसत नाहीत. तरीही हा विषय आपल्यासाठी परका राहिलेला नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांतून जातो आणि जून २०२५ पासून तो नागपूर ते मुंबईच्या दिशेने पूर्ण खुला झाला आहे. या मार्गावर ठरावीक ठिकाणांखेरीज चढता-उतरता येत नाही. त्यामुळे जुन्या रस्त्यांवर दर दोन-चार मैलांवर भेटणारी चहाची टपरी किंवा ढाबा येथे नाही. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा वाटेत खाण्यापिण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय नाही ही प्रवाशांची मोठी तक्रार होती. अशा रस्त्यावर गाडीतून न उतरता खाणे मिळण्याची सोय आज ना उद्या येणारच. शिवाय बीडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही गजबजलेल्या हॉटेलातील पार्सलचा काउंटर याच गणिताने चालतो, म्हणून हे गणित नीट समजून घेणे हॉटेलमालकाच्याही उपयोगाचे आहे आणि ग्राहकाच्याही.

या पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या शेवटी तिची सुरुवात झाली. कॅलिफोर्नियातील इन-एन-आउट या दुकानाने १९४८ मध्ये दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा ध्वनिक्षेपक बसवला आणि ग्राहकाला गाडीतूनच मागणी सांगता येऊ लागली. त्याच वर्षी सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी आपले चालू उपाहारगृह काही काळ बंद ठेवले, गाडीपाशी जाऊन वाढणाऱ्या वाढप्यांची पद्धत मोडीत काढली, पदार्थांची यादी नऊवर आणली आणि प्रत्येक माणसाला एकच काम नेमून दिले. वेगाचे पहिले रहस्य त्या नऊ पदार्थांत होते, खिडकीची कल्पना त्या दुकानांत फार नंतर आली. मॅकडोनाल्ड्सची पहिली ड्राइव्ह-थ्रू खिडकी १९७५ मध्ये ॲरिझोना राज्यातील सिएरा व्हिस्टा या गावी उघडली, आणि तिचे कारण वेगाशी संबंधित नव्हते. जवळच फोर्ट हुआचुका हा लष्करी तळ होता आणि तेथील सैनिकांना तळाबाहेर कामाच्या गणवेशात गाडीतून खाली उतरण्याची परवानगी नव्हती. त्यांना गाडीत बसूनच खाणे मिळावे म्हणून दुकानाच्या भिंतीत खिडकी पाडण्यात आली. पुढे अमेरिकेतील या कंपनीच्या विक्रीचा मोठा हिस्सा अशाच खिडक्यांतून होऊ लागला आणि मग सेकंद मोजण्याची चढाओढ सुरू झाली.

अमेरिकेत या खिडक्यांची दरवर्षी पाहणी होते. परीक्षक सामान्य ग्राहक म्हणून जातात, वेळ मोजतात आणि मागितलेले पदार्थच मिळाले का तेही पाहतात. २०१८ च्या पाहणीत एका गाडीला सरासरी सुमारे २३४ सेकंद लागले होते, २०१९ मध्ये सुमारे २५५, आणि करोनाच्या काळानंतर कर्मचारी मिळेनासे झाले तेव्हा, २०२१ मध्ये, हा आकडा ३८० च्या पुढे गेला. यातली खरी विचार करण्यासारखी गोष्ट मात्र सरासरीत नाही. २०१९ मध्ये सर्वांत जास्त वेळ, सुमारे ३२३ सेकंद, चिक-फिल-ए या उपाहारगृहांच्या साखळीत लागला, आणि तरीही गाड्यांची सर्वांत लांब रांग तिच्याच दारात होती आणि मागणीतील चुकांचे प्रमाणही तिथे कमी होते. जी साखळी घड्याळावर सर्वांत मागे, तिच्याकडेच लोक का जातात, हे कोडे सुटले की या विषयाची अर्धी उकल होते.

उकल एका साध्या नियमात आहे. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला. आवारातील गाड्यांची सरासरी संख्या म्हणजे दर मिनिटाला येणाऱ्या गाड्या गुणिले एका गाडीला लागणारा सरासरी वेळ, इतकाच तो नियम. आता दोन दुकाने डोळ्यांसमोर आणावीत. पहिल्यात आवारात सरासरी दहा गाड्या असतात आणि दर ४० सेकंदांनी एक गाडी बाहेर पडते. तेथे एका गाडीला ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आसपास, लागतात. दुसऱ्यात तीनच गाड्या असतात आणि दर ८० सेकंदांनी एक सुटते, म्हणून तेथे चारच मिनिटे लागतात. घड्याळ पाहणारा दुसऱ्या दुकानाला शाबासकी देईल. पण तासाला पहिले दुकान ९० गाड्यांना खाऊ घालते आणि दुसरे ४५ गाड्यांना. एका गाडीला लागणारा वेळ आणि दुकानाची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की चांगल्या कामाला शिक्षा होते.

क्षमता ठरते ती कामाच्या टप्प्यांपैकी सर्वांत संथ टप्प्यावर. समजा, मागणी घ्यायला ३० सेकंद, पैसे घ्यायला २५ आणि पिशवी हाती द्यायला ५० सेकंद लागतात. या दुकानातून दर ५० सेकंदांना एकच गाडी बाहेर पडेल, म्हणजे तासाला ७२. मालकाने मागणी घेणाऱ्या मुलाला दटावून त्याचे काम ३० वरून १५ सेकंदांवर आणले, तरी तासाला ७२ च गाड्या सुटतील, फक्त माइकपासची रांग सरकून खिडकीपाशी साचेल. पण घाईने बोलल्यामुळे दर पाच मागण्यांपैकी एका मागणीत चूक झाली आणि ती खिडकीपाशी निस्तरायला ६० सेकंद जास्त लागले, तर ५० सेकंदांची सरासरी ६२ वर जाते आणि तासाला ७२ ऐवजी ५८ गाड्याच सुटतात. दर्जा आणि वेग एकमेकांचे शत्रू आहेत, एक हवा असेल तर दुसरा सोडावा लागतो, ही समजूत या हिशेबापुढे टिकत नाही. या धंद्यात चुकीची मागणी हीच सर्वांत मोठी दिरंगाई आहे.

रांग का साचते हे यापेक्षा थोडे अवघड आहे, परंतु येथे थांबून विचार करणे फायद्याचे ठरते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर क्रारुप एरलांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये फोनच्या मागण्यांचा अभ्यास करताना रांगांच्या शास्त्राचा पाया घातला. ग्राहक ठरावीक अंतराने येत नाहीत, ते झुंडीने येतात आणि मधेच कोणीच येत नाही, हे त्यातले मर्म. खिडकीवर एका गाडीला सरासरी ४० सेकंद लागतात, गाड्या वाटेल तशा येतात आणि कामाचा वेळही गाडीगणिक बराच बदलतो असे धरू. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर आपल्या पाळीची सरासरी वाट ४० सेकंद पाहावी लागते. ८० टक्के वेळ गुंतलेली असेल, तर १६० सेकंद. ९० टक्क्यांवर ३६० सेकंद आणि ९५ टक्क्यांवर ७६०, म्हणजे साडेबारा मिनिटांहून जास्त. ८० वरून ९० टक्क्यांवर जाताना तासाला केवळ नऊ गाड्या वाढल्या, आणि वाट पाहणे मात्र दुपटीहून जास्त झाले. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवरच्या हॉटेलांत जो गोंधळ होतो, त्याचे मूळ येथे आहे. तेथील माणसे आळशी झालेली नसतात. रोज ८० टक्के भरलेली भट्टी त्या दिवशी ९५ टक्के भरते, एवढेच घडते.

या गणिताचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. वरच्या उदाहरणात प्रत्येक गाडीला कमी-जास्त न होता बरोबर ४० च सेकंद लागले असते, तर त्याच गर्दीत वाट पाहणे निम्म्यावर आले असते. ९० टक्क्यांवर सहा मिनिटांऐवजी तीन मिनिटे. हात एका सेकंदानेही भरभर चालवावा लागला नाही, फक्त कामातला चढउतार गेला. म्हणून कर्मचाऱ्याला ‘लवकर, लवकर’ म्हणण्यापेक्षा चढउतार कशाने होतो हे शोधणे जास्त फळ देते. लांबलचक यादी वाचत बसलेला ग्राहक, पंधरा जणांची एकत्र मागणी, संपलेला पदार्थ, सुट्ट्या पैशांचा घोळ, बरोबर न ऐकलेला शब्द आणि चुकीची पिशवी, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. क्यूआर कोडवर पैसे देण्याची पद्धत आल्यापासून सुट्ट्यांचा घोळ संपला, पण ‘पैसे मिळाले’ असे सांगणाऱ्या ध्वनियंत्राची वाट पाहण्याचा नवा चढउतार आला. नेटवर्क मंद असेल तेथे ग्राहक मोबाइल पुढे करतो, काउंटरवरचा माणूस यंत्राकडे कान लावतो आणि मागची सगळी रांग त्या एका आवाजासाठी खोळंबते. पैसे मागणी सांगतानाच, खिडकीच्या आधी घेतले, तर हा खोळंबा सर्वांत संथ टप्प्याच्या वाट्याला येत नाही.

परभणी-नांदेडकडच्या सकाळच्या नाश्त्याच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात उभे राहून पाहिले, तर यातील बराच भाग पुस्तकाविना कळतो. परातीत पोहे आणि सुशीला तयार असतात, त्यांची पुडी बांधायला काही सेकंद लागतात. भज्यांना मात्र घाणा निघेपर्यंत थांबावे लागते. एखाद्याने ‘चार प्लेट भजी, पण गरमच पाहिजेत’ असे म्हटले, की गल्ल्यावरचा मालक त्याचे पैसे घेतो, टोकन देतो, ‘जरा बाजूला थांबा दादा’ म्हणतो आणि मागच्याचे पोहे बांधायला लावतो. कढईपाशी बसलेल्या आचाऱ्याचे लक्ष बाहेर असते. एसटी फाट्यावर वळताना दिसली की तो कोणी मागण्याआधीच नवा घाणा सोडतो, कारण बस थांबेल तेव्हा पंचवीस माणसे एकदम येणार आणि त्यांच्याकडे दहाच मिनिटे असणार हे त्याला ठाऊक असते. मोठ्या साखळ्यांची संगणक प्रणाली आवारातील गाड्या मोजून किती बटाटे तळणीत टाकायचे हे सांगते, ते काम हा माणूस नजरेने करतो. आणि बस येणार म्हणून पाच घाणे आधीच काढून ठेवले तर ते मऊ पडतात, हेही त्यालाच सर्वांत चांगले कळते. आधी करून ठेवावे तर दर्जा जातो, मागितल्यावर करावे तर वेळ जातो. या दोहोंमधील योग्य क्षण साधणे हे तळणीच्या धंद्यातील खरे कौशल्य आहे. तयार पदार्थ आधी करून ठेवायचाच असेल, तर तो साठ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम राहावा आणि शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त राहू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची सूचना परातीलाही लागू पडते.

हॉटेलातील त्या टोकनमध्ये ड्राइव्ह-थ्रूची सर्वांत मोठी अडचण दडलेली आहे. उभ्या माणसाला बाजूला होता येते, गाडीला येत नाही. दोन्ही बाजूंच्या कठड्यांमध्ये एकामागोमाग उभ्या असलेल्या गाड्यांत पहिल्या गाडीची मागणी अडली की मागच्या सर्वांची अडते, मग त्यांना फक्त एक कॉफी हवी असली तरीही. म्हणून खिडकीच्या पुढे एक-दोन गाड्या उभ्या राहतील अशी जागा राखतात आणि मोठ्या मागणीच्या गाडीला ‘पुढे थांबा, आणून देतो’ असे सांगतात. हा उपाय योग्य आहे आणि कामातला चढउतार तो खरोखर कमी करतो. परंतु गाडी शेवटच्या वेटोळ्यावरून सरकताच घड्याळ थांबत असल्याने, आकडा सुंदर दिसावा म्हणून साध्या मागणीच्या गाड्यांनाही पुढे ढकलण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी लागते. नोंदीत त्या गाडीला तीन मिनिटे लागलेली असतात आणि ग्राहक सातव्या मिनिटाला पिशवीची वाट पाहत असतो. मोजमापावर बक्षीस आणि ओरडा दोन्ही अवलंबून असले की माणसे कामाऐवजी मोजमाप सांभाळू लागतात, आणि त्याचा दोष त्या खिडकीतल्या मुलाला देणे अन्यायाचे आहे.

चिक-फिल-एने वेगळी वाट धरली. तिचे कर्मचारी हातात टॅब्लेट घेऊन रांगेतल्या गाड्यांपाशी चालत जातात आणि खिडकी यायच्या कितीतरी आधी समोरासमोर मागणी घेतात. त्यामुळे स्वयंपाकघराला कामाची आगाऊ सूचना मिळते, आणि चेहरा पाहून बोलल्याने चूक कमी होते. माइकवरच्या बोलण्यात इंजिनाचा आवाज, वारा आणि मागच्या सीटवरची मुले यांची भर पडते. हे काम यंत्रावर सोपवण्याचा प्रयत्नही झाला. मॅकडोनाल्ड्सने आयबीएमच्या मदतीने शंभराहून जास्त दुकानांत मागणी ऐकणारी संगणकीय व्यवस्था वापरून पाहिली आणि २०२४ मध्ये तो प्रयोग थांबवला. मराठवाड्यात अशा माइकसमोर कोणती भाषा बोलली जाईल याचा विचार केला, की काम किती कठीण आहे ते समजते. संभाजीनगरचा ग्राहक दखनीत मागेल, बीडचा ठसक्याच्या मराठीत, देगलूरकडच्या माणसाच्या बोलण्यात तेलुगूची आणि उदगीर-उमरग्याकडच्या माणसाच्या बोलण्यात कन्नडची छटा असेल. मागणी ऐकून घेतल्यावर ती एकदा मोठ्याने परत म्हणून दाखवणे किंवा समोरच्या पडद्यावर दाखवणे, हा पाच-सात सेकंदांचा खर्च येथे कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त वसूल होईल.

अचूकतेचा हिशेबही लक्षात घ्यावा असा आहे. एक पदार्थ बरोबर पिशवीत पडण्याची शक्यता १०० पैकी ९८ असेल, तर ते काम चोख वाटते. पण पाच पदार्थांची संपूर्ण पिशवी बरोबर असण्याची शक्यता १०० पैकी ९० वर येते आणि दहा पदार्थांच्या पिशवीची ८२ च्या आसपास. सहकुटुंब प्रवास करणाऱ्या आपल्याकडच्या गाड्यांची मागणी सहसा मोठीच असते. शिवाय आपल्याकडे चुकीचा अर्थ निराळा आहे. अमेरिकेत कांदा नको म्हटले आणि घातला तर ग्राहक चिडतो; येथे शाकाहारी कुटुंबाच्या पिशवीत मांसाहारी पदार्थ गेला, किंवा उपवासाच्या माणसाला न चालणारी वस्तू गेली, तर ती चूक माफीने भरून निघत नाही, आणि ती लक्षात येते तेव्हा गाडी वीस-तीस किलोमीटर पुढे गेलेली असते. नियंत्रित महामार्गावर मागे फिरणेही शक्य नसते. मॅकडोनाल्ड्सने भारतात आल्यापासून शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाची जागा, भांडी आणि माणसे वेगळी ठेवली आहेत. यात जागा आणि हात दोन्ही जास्त लागतात, परंतु येथे दर्जाचा पहिला अर्थ हाच आहे, आणि वेगासाठी त्यात काटकसर करणे कोणालाही परवडणारे नाही.

रचनेच्या काही गोष्टी मात्र परदेशातून जशाच्या तशा उचलता येणार नाहीत. आपला चालक उजवीकडे बसतो, म्हणून खिडकी गाडीच्या उजव्या हाताला यावी लागते आणि गाड्यांना इमारतीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावे लागते; अमेरिकेत हे उलट असते. शहराजवळ अर्ध्याहून जास्त ग्राहक दुचाकीवर येणे सहज शक्य आहे, आणि दुचाकीचे धातूचे अंग लहान असल्याने जमिनीतल्या वेटोळ्याला ती अनेकदा जाणवतही नाही. तिला गाड्यांच्या रांगेत कोंबण्यापेक्षा, उन्हाळ्यातले बेचाळीस-त्रेचाळीस अंश लक्षात घेऊन, सावली असलेली वेगळी पार्सल खिडकी देणे शहाणपणाचे ठरेल. ज्यांना मोठे भांडवल घालायचे नाही अशा बायपासवरच्या हॉटेलांनाही एवढे करता येईल: पार्सलसाठी सात-आठ पदार्थांचीच यादी ठेवावी आणि ती काउंटरच्या बरीच आधी, रांगेतून वाचता येईल अशी लावावी.

महामार्गावरील थांब्यांची कंत्राटे देताना सरासरी सेकंदांची अट घालण्याचा मोह होईल, कारण तो आकडा मागायला सोपा आहे. त्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात असे मला आग्रहाने वाटते. गर्दीच्या तासाला किती गाड्या सुटल्या, शंभर पिशव्यांमागे किती चुकल्या, आणि सर्वांत जास्त ताटकळलेल्या दहा टक्के गाड्यांना किती वेळ लागला. बाजूला थांबवलेल्या गाडीचा वेळ मात्र चालकाच्या हातात पिशवी पडेपर्यंत मोजला जावा.